मौजे पृथ्वीची चतुःसीमा

सूर्याच्या निकट राहणाऱ्या बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ या चार खडकाळ ग्रहांची तुलना करण्याचा अधिकार वस्तुतः कोणास पोहोचतो, हा प्रश्न आजवर कोणी गांभीर्याने विचारलेला दिसत नाही. ज्या विद्वानांनी या विषयावर ग्रंथ लिहिले, त्यांतील बहुतेकांचे आयुष्य पॅरिस, केंब्रिज किंवा फार तर पुणे अशा सौम्य हवेच्या ठिकाणी गेलेले असल्यामुळे, शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश आहे हे वाक्य ते ज्या निर्विकार चित्ताने लिहून मोकळे होतात, त्या चित्ताने ते चंद्रपूरच्या माणसास वाचता येत नाही. नवतप्याच्या दिवसांत, पारा ४७ अंशांच्या आसपास रेंगाळत असताना, डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा टाकून जो इसम भर दुपारी जटपुरा गेटापर्यंत पायी जाऊन जिवंत परत आलेला आहे, त्यास ४६५ हा नुसता आकडा वाटत नाही. या वाटेवर दशांश मजल आपण मारून बसलो आहोत, अशी एक आत्मीय जाणीव त्याच्या ठिकाणी वसत असते.

शिवाय आमच्या या दोन वनजिल्ह्यांत (२६ ऑगस्ट १९८२ पूर्वी ते एकच होते) शेजारच्या ग्रहांचे काही ना काही द्रव्य उघड्यावरच पडलेले आहे. ज्या लोहाच्या गंजाने मंगळ तांबडा दिसतो, त्याच जातीची तांबडी धूळ एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या वाटेवर झाडांच्या पानापानांवर बसलेली कोणासही पाहावयास मिळते. शुक्राच्या हवेत जो कर्बवायू कोंडलेला आहे, तो पृथ्वीने ज्या दोन पेवांत पुरून ठेवला त्यांपैकी चुनखडीचे पेव राजुरा-कोरपन्याकडे आणि कोळशाचे बल्लारपूर-घुग्घुसकडे. आणि जिच्यामुळे पृथ्वी या तिघांहून वेगळी ठरते ती वनश्री गडचिरोलीच्या बहुतांश भूमीवर अद्याप उभी आहे. इतके नमुने एका मुलखात हाताशी असताना ग्रहांची पाहणी दुर्बिणीतून करीत बसणे हा निव्वळ सरकारी पैशाचा अपव्यय होय, असे आमचे नम्र मत आहे.

तुलना कोणत्या पद्धतीने करावी याविषयी आम्ही आमच्या परिचयाच्या एका निवृत्त पटवाऱ्यांचा सल्ला घेतला. खसरा आणि नकाशे काखोटीस मारून ज्यांनी रानावनांत उभी हयात घालविली, अशा या गृहस्थांचा सिद्धान्त असा, की कोणत्याही स्थावराची ओळख त्याच्या चतुःसीमेवाचून पटत नाही. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस राखीव जंगल, उत्तरेस पांदण, एवढे लिहून झाले म्हणजे मालक कोण आणि पीक काय या गोष्टी दुय्यम होत. त्यांच्या सल्ल्याबरहुकूम आम्ही मौजे पृथ्वीचा उतारा तयार केला. खुद्द पृथ्वी सूर्यापासून १४ कोटी ९६ लाख किलोमीटरांवर. सूर्याच्या बाजूस शुक्र, १० कोटी ८२ लाखांवर. त्याच्याही आत बुध, ५ कोटी ७९ लाखांवर. आणि बाहेरच्या बाजूस मंगळ, २२ कोटी ७९ लाखांवर. पटवारीबुवांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि परत केला.

"शेत जागचं हालत नाही म्हनून मोजनी होते जी," ते म्हणाले. "हे तं चारही जन फिरून राहिले. कोनाचा धुरा कोनाले लागून आहे, हे तुमी कोन्या दिवसाचं लिहिलं?"

आक्षेप बिनतोड होता. बुध ८८ दिवसांत सूर्याभोवती फेरा पुरा करतो, शुक्र २२५ दिवसांत, आणि मंगळ तर ६८७ दिवस घेतो. त्यामुळे कोण केव्हा कोणाच्या समोर येईल आणि केव्हा सूर्याच्या पाठीमागे दडी मारील याचा नेम नाही. शुक्र ५८४ दिवसांतून एकदा सुमारे चार कोटी किलोमीटरांवर येऊन उभा राहतो खरा. पण तोच शुक्र पुढे सूर्यापलीकडे गेला म्हणजे २६ कोटींवर असतो. मंगळाची भेट ७८० दिवसांनी. तीही तो ज्या मनःस्थितीत असेल त्याप्रमाणे: २७ ऑगस्ट २००३ रोजी तो ५ कोटी ५८ लाखांइतका जवळ आला होता, इतर काही वेळी जवळ येऊनही दहा कोटींचे अंतर राखतो, आणि रुसला म्हणजे चाळीस कोटींवर जाऊन बसतो. शाळेच्या पुस्तकात शुक्र हा पृथ्वीचा सर्वांत जवळचा ग्रह म्हणून छापलेला असतो. तो वर्षभरात चार दिवस दारात येणाऱ्या पाहुण्याला शेजारी म्हणण्याचा प्रकार आहे. २०१९ साली काही अमेरिकन संशोधकांनी सर्व दिवसांची सरासरी काढून पाहिली, तेव्हा पृथ्वीच्या सर्वाधिक जवळ बुध असतो, असा निकाल निघाला. आणि गंमत म्हणजे शुक्राची सरासरी काढली तरी बुध, मंगळाची काढली तरी बुध, एवढेच काय, दूरच्या नेपच्यूनची काढली तरी शेजारी बुधच! कारण साधे आहे. ज्याचा फेराच लहान, तो कोणापासूनही फार लांब जाऊ शकत नाही.

पॅरिस-पुण्याच्या माणसास हा निकाल चमत्कारिक वाटेल. गडचिरोलीच्या माणसास वाटणार नाही. सिरोंच्याच्या रहिवाशास जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरांच्या पल्ल्यावर, आणि परप्रांत मात्र गोदावरीवरचा पूल ओलांडला की पायाखाली. भामरागडला पर्लकोटेचा पूर पुलावरून वाहू लागला म्हणजे पैलतीरावर दिसणारे माणूस दृष्टीच्या टप्प्यात आणि भेटीच्या टप्प्याबाहेर असते. नकाशावरचे अंतर आणि वहिवाटीतले अंतर यांत फरक असतो, हे ज्ञान आमच्याकडे प्रत्येक पावसाळ्यात फुकट मिळते.

तेव्हा सरासरीचा मान ठेवून बुधाची कैफियत प्रथम घेऊ. चौघांत हा सर्वांत लहान, व्यास ४,८७९ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दोनपंचमांशाहूनही किंचित कमी. परंतु अंगात लोखंड इतके की त्याचा लोहमय गाभा त्रिज्येचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापतो. एखाद्या धाडसी कंत्राटदाराच्या हे ध्यानी आले तर बुधावर खाणपट्टा मागणारा अर्ज जाण्यास विलंब लागणार नाही. मजुरांचा प्रश्न मात्र बिकट आहे. बुध स्वतःभोवती इतक्या संथपणे फिरतो, की त्याच्यावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले १७६ दिवस लोटतात, आणि तेवढ्यात त्याची दोन वर्षे पुरी होतात. अर्थात वर्षास शंभर दिवस काम देण्याची हमी तेथे लागू केली, तर वर्षात मुळी दिवसच अर्धा, ही अडचण तहसीलदाराने शासनास कोणत्या शब्दांत कळवावी? उलटपक्षी, आपले ८८ दिवस पुरणारी तेथील अखंड रात्र आमच्या झाडीपट्टीतील नाटकमंडळ्यांस अनुकूल आहे. वडशाहून निघालेले नाटक उजाडल्यावाचून आटोपत नाही, अशी जी प्रेक्षकांची रास्त अपेक्षा असते, ती पुरी करण्यास नटांचा मात्र कस लागेल.

त्यातही सूर्याचा तेथील व्यवहार अगदीच बेभरवशाचा. बुधाची कक्षा या चौघांत सर्वांत लांबट. सूर्यापासून तो कधी ४ कोटी ६० लाख किलोमीटरांवर असतो, तर कधी सात कोटींवर. सूर्यास अगदी जवळ आला म्हणजे त्याचा धावण्याचा वेग गिरकीच्या वेगास मागे टाकतो आणि त्यामुळे आकाशातला सूर्य थबकतो, काही दिवस उलटा चालतो आणि मग पुन्हा मार्गास लागतो. काही ठिकाणी तर तो उगवून पुन्हा मावळतो आणि दुसऱ्यांदा उगवतो. अशा वेळी प्रातःसंध्या एकदा करावी की दोनदा, याचा निर्णय धर्मसिंधूत सापडेल असे वाटत नाही. दिवसा ४३० अंश आणि रात्री उणे १८० अंश, असा हा ग्रह आहे. अंगावर पांघरण्यास हवा नाही, त्यामुळे मिळालेली ऊब रात्री सगळी उडून जाते.

ग्रहांवरील विवरांना नावे देण्याचे काम आंतरराष्ट्रीय खगोल संघ करतो. बुधावरील विवरे त्याने कवी, चित्रकार, संगीतकार अशा मंडळींसाठी राखून ठेवली, हे रसिकपणाचेच झाले. तेथे वाल्मीकी आहेत, व्यास आहेत, आणि कालिदासही आहे. मेघदूतातील रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे मानण्याचा विदर्भात प्रघात असल्यामुळे कालिदासाकडे आम्ही घरचा माणूस म्हणून पाहतो. या घरच्या माणसाला संघाने जागा दिली कोठे, तर जेथे वारा नाही, बाष्प नाही आणि सृष्टीच्या आरंभापासून ज्याने एकही मेघ पाहिलेला नाही अशा ग्रहावर. तेथल्या यक्षाने निरोप कोणाबरोबर पाठवावा?

बुधाचा धुरा सरकण्याचे प्रकरण मात्र जगभर गाजले. सूर्याशी सर्वांत जवळीक होण्याचे त्याच्या कक्षेतील ठिकाण हळूहळू पुढे सरकते, आणि त्यातील काही सरकणे न्यूटनच्या हिशेबात बसत नाही, असे फ्रान्सच्या लव्हेरियेने १८५९ साली दाखविले. ही तफावत किती? शंभर वर्षांत ४३ विकला, म्हणजे एका अंशाचा चौऱ्याऐंशीवा हिस्सा. एवढ्याशा फरकासाठी लव्हेरियेने बुधाच्याही आत व्हल्कन नावाचा एक ग्रह असल्याचे प्रतिपादन केले, आणि तो प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणारे साक्षीदारही निघाले. १९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडून ४३ विकलांचा हिशेब चुकता केला, तेव्हा कोठे या कागदोपत्री खातेदाराचे नाव कमी झाले. हे सर्व ऐकून पटवारीबुवांनी आश्चर्य दाखविले ते निराळ्याच गोष्टीचे. एका हंगामात नांगराच्या दोन तासांनी धुरा सरकविणारे कास्तकार त्यांनी पाहिले होते आणि बोगस खातेदारही पाहिले होते. पण इतक्या किरकोळ सरकण्यासाठी सगळी मोजणी नव्याने करणारे खाते त्यांच्या पाहण्यात आलेले नव्हते.

आता शुक्र. या ग्रहाशी वनजिल्ह्यांची ओळख पुस्तकी नाही. गोंड समाजाच्या तारकाज्ञानाचा ज्यांनी अभ्यास केला, त्यांनी नोंदविले आहे की सायंकाळी दिसणाऱ्या शुक्रास 'जेवण सुकुम' आणि पहाटे दिसणाऱ्यास 'पहाट सुकुम' म्हणतात. एक जेवणाची वेळ सांगतो, दुसरा उठण्याची. आणि चैत्राच्या सुमारास रात्रभर गळलेली मोहफुले उजाडण्यापूर्वी वेचावयास निघालेल्या बाईला याहून उपयुक्त ग्रह आणखी कोणता हवा? मध्यरात्री मात्र शुक्र कधी दिसावयाचा नाही, कारण तो आकाशात सूर्यापासून ४७ अंशांहून अधिक दूर जात नाही. ४७ अंश ही मर्यादा आमच्याकडे सूर्यच पाळीत नाही, हा भाग निराळा.

आकाराने शुक्र पृथ्वीची जुळी बहीण शोभावी असा. व्यास १२,१०४ किलोमीटर, पृथ्वीच्या १२,७४२ च्या अगदी जवळ. कक्षा तर अशी नेटकी, की चौघांत इतके निर्दोष वर्तुळ कोणाचेच नाही. बाहेर असा सरळमार्गी असणारा हा गृहस्थ घरात मात्र विक्षिप्त आहे. तो स्वतःभोवती उलटा फिरतो, आणि तेही इतक्या आळसाने की एका गिरकीस २४३ दिवस लागतात, म्हणजे वर्षाहूनही गिरकी मोठी. सूर्य तेथे पश्चिमेस उगवतो आणि पूर्वेस मावळतो. दोन सूर्योदयांत आपले ११७ दिवस जातात. दिशा उलटविण्याचे वावडे आम्हांस असण्याचे कारण नाही. चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याजवळ वैनगंगा आपला दक्षिणेचा ओघ सोडून उत्तरवाहिनी होते, आणि तेवढ्या एका वळणावर देवळांचा समूह, महाशिवरात्रीची यात्रा आणि विदर्भाची काशी ही कीर्ती उभी राहिली. नदीला जे पुण्य एका वळणाने लाभले ते शुक्राला सबंध आयुष्य उलटे फिरूनही लाभले नाही.

त्याचे कारण त्याची हवा. बुधाच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर असूनही शुक्र बुधाहून अधिक तप्त आहे, आणि नवलाची गोष्ट अशी की त्याचे पांढरे ढग तीनचतुर्थांश ऊन परतवून लावीत असल्यामुळे पृथ्वीपेक्षाही कमीच ऊन त्याच्या अंगात मुरते. परंतु मुरलेले बाहेर पडत नाही. हवेत शेकडा ९६ हून अधिक कर्बवायू, दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट, आणि वर गंधकाम्लाचे ढग. या ढगांतून पाऊस पडतो. मात्र तो जमिनीपर्यंत न पोहोचता वाटेतच आटून जातो. वेधशाळेच्या अंदाजावर विसंबून धानाचे पऱ्हे टाकणाऱ्या कास्तकारास अशा पावसाची कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

येथे आमच्या जिल्ह्याचा संबंध थेट येतो आणि थट्टा थोडी बाजूला ठेवावी लागते. कर्ब पृथ्वीजवळही शुक्राइतकाच असावा, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. भेद एवढाच, की शुक्राने तो हवेत उधळून ठेवला आणि पृथ्वीने तो समुद्रांच्या आणि वनस्पतींच्या मदतीने, कोट्यवधी वर्षे खपून, दगडांत गाडून टाकला. काही चुनखडीच्या रूपाने, काही कोळशाच्या. वर्धेच्या खोऱ्यातील आमचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्यांचा आहे. भूशास्त्रज्ञ ज्या खडकांना जगभर गोंडवन म्हणतात, त्यांना ते नाव या गोंडांच्या मुलखावरूनच मिळाले. ही इतकी जुनी ठेव चंद्रपूर जिल्ह्यात दोन्ही रूपांनी शेजारी शेजारी सापडावी, हा एक योग. आणि कोळसा जाळून वीज करणारे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र, तसेच चुनखडी भाजून सिमेंट करणारे कारखाने त्याच जिल्ह्यात असावेत, हा दुसरा. चुनखडी भाजली म्हणजे तिच्यातला कर्बवायू मोकळा होतो, कोळसा जाळला म्हणजे त्यातला. पृथ्वीने पुरलेली दोन्ही पेवे एकाच जिल्ह्यात, एकाच वेळी, दिवसपाळी आणि रात्रपाळी लावून उकरली जाण्याचे असे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. पृथ्वीचा शुक्र होण्यास अजून कितीतरी अवकाश आहे, आणि एका जिल्ह्याने मनात आणले तरी ते घडणार नाही, हे खरे. पण पुढेमागे या कामाच्या मुख्य कचेरीचा पत्ता विचारला गेला, तर तो देण्याची आमची तयारी असली पाहिजे.

शुक्रावर उतरून सर्वाधिक काळ तग धरण्याचा मान सोव्हिएत रशियाच्या व्हेनेरा १३ या यानाकडे जातो. १ मार्च १९८२ रोजी ते तेथे उतरले. ३२ मिनिटे टिकावे अशी अपेक्षा होती. ते १२७ मिनिटे टिकले आणि रंगीत छायाचित्रे पाठवून मग निमाले. त्याच वर्षी ऑगस्टात गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यात बदलीचा हुकूम हाती पडताच तो रद्द करून घेण्यासाठी मुंबईची गाडी पकडण्याची जी परंपरा पुढे अधिकारीवर्गात रूढ झाली, तिच्या पार्श्वभूमीवर, नेमून दिलेल्या मुदतीच्या चौपट वेळ भट्टीत उभे राहून काम करणाऱ्या त्या यंत्राबद्दल आम्हांस विशेष आदर वाटतो.

शुक्रावरील नावे बहुतेक सर्व स्त्रियांची. तेथे एक विवर आनंदीबाई जोश्यांच्या नावाचे आहे, एक पंडिता रमाबाईंचे, मेधावी या त्यांच्या आडनावाने, एक डॉ. जेरुशा झिराड यांचे. एकोणिसाव्या शतकात सनातन्यांच्या रोषाला तोंड देत जी अठरा वर्षांची मुलगी वैद्यक शिकण्यास समुद्रापार गेली, त्या आनंदीबाईला ४६५ अंशांची धग फारशी जाणवणार नाही, असा विचार बहुधा नामकरण समितीने केला असावा.

पृथ्वीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. वाचक तेथेच राहतात. एकच गोष्ट चंद्रपूरकरांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरांवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या आरंभी, १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे शेकोटीभोवती घोंगडी पांघरून आपण बसतो, तेव्हा सूर्य पन्नास लाख किलोमीटर जवळ आलेला असतो. मे महिन्यातील आपल्या हालअपेष्टांना सूर्याचे सान्निध्य जबाबदार नसून पृथ्वीच्या आसाचा २३.४ अंशांचा कल जबाबदार आहे. फिर्याद करावयाची असल्यास प्रतिवादीचे नाव बरोबर घालावे.

राहता राहिला मंगळ. हा एकच ग्रह असा आहे की ज्याचे स्थान ठाऊक नसताही लोक त्यास भितात. पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी तो असला म्हणजे मुलीचे लग्न अडते. बारा स्थानांपैकी पाच स्थाने दोषी ठरविल्यावर शेकडा ४१ हून अधिक माणसे मंगळाची निघणार, हे त्रैराशिक इयत्ता पाचवीचे आहे. पण जुळविणारे ते मांडत नाहीत. ज्याचे वस्तुमान पृथ्वीच्या केवळ एकदशांश, व्यास ६,७७९ किलोमीटर, हवेचा दाब आपल्या शंभरांश भागाहूनही कमी, आणि जो बहुतेक काळ वीसपंचवीस कोटी किलोमीटर दूर असतो, त्याने अड्याळ-टेकडीच्या मांडवात येऊन विघ्न आणावे, ही त्याच्या कुवतीबाहेरची गोष्ट आहे. पुराणांनी तर त्यास पृथ्वीचा पुत्र मानले. आईच्या घरची लग्ने मोडण्यात मुलाचा काय लाभ?

निःपक्षपातीपणे पाहिले तर चौघांत पृथ्वीच्या वळणावर गेलेला हाच आहे. त्याचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, आसाचा कल २५ अंशांचा, त्यामुळे ऋतूही चार, फक्त प्रत्येक दुप्पट लांबीचा. सरासरी तापमान उणे साठ अंशांच्या आसपास असले तरी विषुववृत्तावर उन्हाळ्याच्या दुपारी ते वीस अंशांपर्यंत चढते. म्हणजे वैशाखात चिखलदऱ्याची खोली न मिळालेल्या वैदर्भीयाने तिकडे आशाळभूत नजरेने पाहावे, असे हे थंड हवेचे ठिकाण आहे. वजन तेथे ३८ टक्केच भरते. तेंदूपत्त्याचे शंभर किलोचे ओझे अडतीस किलोचे वाटेल. मात्र तेंदू नाही. ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी बावीस किलोमीटर उंच, पण आमच्या सुरजागडच्या डोंगरावर जशी दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते तशी त्याच्यावर कधी भरलेली नाही. धूळ मात्र मुबलक. २०१८ साली उठलेल्या वावटळीने सगळा ग्रह झाकून टाकला आणि सूर्यप्रकाशावर चालणारी ऑपॉर्च्युनिटी ही गाडी कायमची थांबली. तिची नेमणूक नव्वद दिवसांपुरती हंगामी होती. तिने चौदा वर्षांहून अधिक काळ काम केले. वनखात्यातील रोजंदारी मजुरांस हा सेवाकाल ओळखीचा वाटेल. कायम तीही झाली नाही.

मंगळावरील लहान विवरांना जगातील गावांची नावे देतात. पुण्याचे विवर तेथे आहे, जुन्या 'पूना' या नावाने, सुमारे वीस किलोमीटर रुंद. या बातमीने विदर्भात खळबळ उडावयास हवी होती. सिंचन, रस्ते, उद्योग यांतील अनुशेषावर आमच्याकडे समित्या बसल्या, अहवाल झाले; पण मंगळावरील अनुशेषाचा उल्लेख कोणत्याही अहवालात नाही. बुलढाण्याच्या लोणारचे एक विवर अलीकडे तेथे नोंदले गेले, ही थोडी भरपाई म्हणता येईल. परंतु लोणारास स्वतःचे अस्सल उल्काविवर होते, म्हणून त्यास ते मिळाले. चांद्यापासून बांद्यापर्यंत महाराष्ट्र मोजणाऱ्यांनी मंगळावर मोजणी सुरू केली ती चांदा वगळूनच.

वास्तविक आकाशाने आमच्या जिल्ह्याची दखल घेतलेली आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे जाताना हजारोंनी पाहिले आणि त्यांतून बैलगाडीच्या चाकाहून मोठे धातूचे एक कडे सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे पडले. परिसरात धातूचे पोकळ गोळेही सापडले. उल्का म्हणावी तर ती इतकी घडीव कशी? पुढे जाणकारांनी अदमास बांधला की हा चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा. माणूस कोणी दगावले नाही. कडे पोलीस ठाण्यात जमा झाले. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आकाशातून पडलेली अशी वस्तू ज्या देशाने उडविली त्याच्याच मालकीची राहते. यास्तव लाडबोरीच्या शेतकऱ्यास त्या कड्याचा विळाही करून घेता आला नाही. त्याच एप्रिलात आपल्या मंगळयानाचा संपर्क तुटला. सहा महिन्यांच्या कामासाठी पाठविलेले ते यान २४ सप्टेंबर २०१४ पासून साडेसात वर्षे मंगळाभोवती फिरत होते.

या सर्व पाहणीअंती आमचा एकच अर्ज आहे. खगोल संघाच्या नियमाप्रमाणे मंगळावरील लहान विवरास ज्या गावाचे नाव द्यावयाचे त्याची लोकसंख्या एक लाखाच्या आत असावी लागते. पुणे या अटीत कसे बसले, याची चौकशी आम्ही करणार नाही; झाले ते झाले. चंद्रपूर बसत नाही, हे आम्ही दुःखाने मान्य करतो. परंतु सिरोंचा बसते, एटापल्ली बसते, भामरागड, अहेरी, कोरची बसतात, आणि ज्याने आकाशातला माल प्रत्यक्ष उतरवून घेतला ते सिंदेवाही तर अवश्य बसते. वाचकांपैकी कोणाची त्या संघात ओळख असल्यास त्यांनी एवढी शिफारस करावी. विवर वीस किलोमीटरांचेच हवे, असा आमचा आग्रह नाही. कोरचीला चार किलोमीटरांचेही पुरेल.